एक चिंचोका जास्त

“म्हणजे ह्या संख्येला कुणीच भागत नाही?”

“कुणीच नाही, बाबा.” रेवण ताठ बसून म्हणाला. “एक आणि ती स्वतः, बस्स. दोनापासून सत्तरपर्यंत सगळे आकडे लावून पाहिले. दरवेळी काहीतरी उरतंच.”

“आणि सत्तरच्या पुढचे?”

“ते लावायलाच नकोत. मोठ्या आकड्याने भाग गेला असता, तर त्याचा जोडीदार सत्तरच्या आतच सापडला असता.”

“हुशार आहेस की रे!” मोतीगीरबाबा चिंच चघळत म्हणाले.

मठाच्या ओसरीवर चिंचोक्यांची रास होती. पाच हजार एकोणचाळीस. मुदपाकखान्यात वर्षभर साठलेले चिंचोके रेवणने सहज म्हणून मोजले, आणि संख्या अशी निघालेली पाहून त्याला वाटलं, हा आपल्यालाच कौल मिळाला. त्याचं गाठोडं खांबाशी तयार होतं. डोंगरातल्या गुहेत एकट्याने राहायचं. बाबांची आज्ञा तेवढी हवी होती.

“मीही असाच आहे, बाबा. माझं कुणाशी जमत नाही. पंगतीत बसलो तरी मी आपला वेगळाच. ही रास घेऊन जातो. रोज समोर ठेवून ध्यान करीन.”



बाबांनी तोंडातला चिंचोका काढला, धोतराला स्वच्छ पुसला आणि राशीत टाकला. वर दोन्ही हातांनी रास चांगली ढवळली.

“अहो बाबा! मोडलंत ना तिला!”

“आता भाग.”

रेवणने धुसफुसत कोळसा उचलला आणि फरशीवर मांडणी केली. दोनाने भाग गेला. तीनाने गेला. चाराने, पाचाने, सहाने…

“सातानेही?” तो स्वतःशीच पुटपुटला.

आठ, नऊ, दहा. कुठे एक चिंचोका उरेना.

“अकराने?” बाबांनी मान वाकडी करून पाहिलं.

“अकरा अडला!” रेवण जिंकल्यासारखा ओरडला.

“अडू दे. एखाद्याने रुसायला नको का? बारा बघ.”

बारानेही गेला, अगदी नि:शेष. रेवणला हसू आवरेना. आता मठातले सगळे ओळीने बसवले तरी वाटण्या सारख्या पडतील, असं काहीसं तो बोलू लागला, आणि त्याचं लक्ष गाठोड्याकडे गेलं. हसू ओसरलं.

“पण बाबा… माझी संख्या आधीची होती. मला तीच हवी.”

“घे की. गुहेतही जा. मी अडवणार नाही.”

रेवणने उपरणं पसरलं.

“फक्त माझा चिंचोका तेवढा काढून दे.”

रेवण राशीकडे बघत राहिला. सगळे सारखेच. तपकिरी, तुळतुळीत. अखेर त्याने त्यातला एक उचलून बाबांच्या हातावर ठेवला.

बाबांनी तो उन्हात धरून नीट निरखला, आणि परत राशीत टाकला.

“हा नव्हे रे. हा तुझा.”