गोधडीचा घास

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी, खळखळत्या ओढ्याच्या काठावर, येसूचं इवलंसं घर होतं. इवलंसं म्हणजे किती? मधोमध उभं राहून हात पसरले, की दोन्ही भिंतींना बोटं लागायची! नऊ वर्षांची येसू आणि तिची चिमुकली बहीण ठकी तिथे राहायच्या. बाबा दूरच्या खाणीवर कामाला होते आणि शेजारच्या कोंडाकाकू पोरींवर लक्ष ठेवायच्या. आई मागच्या वर्षी देवाघरी गेली होती. तिची दोन लुगडी तेवढी मागे राहिली होती, एक पोपटी आणि एक डाळिंबी.

येसूने त्या लुगड्यांची गोधडी शिवली. मुंगीच्या पावलांएवढे धावदोऱ्याचे टाके घातले. कडेने साखळीटाक्याची वेल काढली, मधोमध राघू आणि मैना भरले, कोपऱ्यांत गुलाबी कमळं फुलवली. सहा महिने लागले, बोटं सोलवटून निघाली, पण ती थांबली नाही. आईच्या लुगड्याचा वास आल्याशिवाय ठकीला झोपच लागत नव्हती ना!

त्या गावात एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात चिमूटभर धान्याचा घास घालायचा. जी आपल्याला ऊब देणार, ती उपाशी का राहावी? त्या दिवशी येसूच्या मडक्यात जेमतेम एका भाकरीची ज्वारी होती. तरी त्यातले चार दाणे तिने गोधडीला दिले.

“ताई, गोधडी जेवली?” ठकीने विचारलं.

“जेवली गं बाई, पोटभर जेवली!”

मग ठकी गोधडीत शिरली आणि गाढ झोपली.

आणि अशा या गोधडीवर नजर पडली कुणाची? गावच्या इनामदारीणबाईंची! गोधडी कुंपणावर उन्हात टाकली होती आणि बाईंची पालखी तिथून चालली होती.

“अगं बाई! असली गोधडी या झोपडीत? गाढवाला गुळाची चव काय!” असं म्हणून बाईंनी ती सरळ पालखीत ओढून घेतली.

“बाईसाहेब, ती माझ्या आईची हाय! ठकीची हाय!” येसू रडत मागे धावली. शिपायाने काठी आडवी धरली आणि पालखी निघून गेली.

मला तर हे सांगतानाही संताप येतो. आणि पुढचं ऐकाल, तर तुम्हालाही येईल. बाई दरवर्षी आपल्या गुलाबांच्या बागेत गोधड्या मांडायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, “सगळ्या मीच शिवल्या हो, या माझ्या हातांनी!” ज्या हातांनी जन्मात कधी सुईत दोरा ओवला नाही, ते हे हात! कोंडाकाकूंची गोधडी अशीच गेली होती, कुंभाराच्या सगुणेचीही गेली होती. चोर तो चोर, वर शिरजोर! आणि सगळा गाव मूग गिळून गप्प.

दोन दिवस ठकी झोपली नाही. “गोधडी कुठंय?” एवढंच ती विचारत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत गोधड्या मांडायच्या होत्या. येसू तरातरा तिकडे निघाली. बागेच्या कुंपणापाशी पोचते, तो कुणीतरी मुसमुसताना ऐकू आलं. बाभळीच्या काट्यात एक अंगठ्याएवढी परी अडकली होती! तिचे पंख ठिगळाठिगळांचे होते, मोरपंखी, केशरी, चंदेरी, आणि एक पंख टर्रकन फाटला होता.

स्वतःचं दुःख विसरून येसूने परीला अलगद सोडवलं. फ्रॉकच्या काठाचा दोरा उसवला आणि गळ्यातल्या दोरीला अडकवलेल्या सुईने हलक्या हाताने पंख शिवून दिला. पंख लखलखला!

“येसूबाळ, एक इच्छा माग,” परी म्हणाली. “पण नियम आहेत हं. भर उन्हात, चारचौघांसमोर, मोठ्याने मागायची. आणि तिने कुणाला इजा होता कामा नये. नियम मोडलास, तर माझा पंख पुन्हा फाटेल.”

“पण परीताई, मला तर वाटतंय, त्या बाईच्या बोटात सुया टोचाव्यात! मला लई राग आलाय.”

“येऊ दे की! अन्यायाचा राग यायलाच हवा. टोकच नसेल, तर सुई शिवणार कशी? पण टोकामागे दोराही असू दे, म्हणजे झालं.”

येसूने डोळे पुसले आणि ती बागेत शिरली. पाहुणे वाहवा करत होते. कोंडाकाकू, सगुणा आणि गावातल्या इतर बाया खाली मान घालून सरबत वाटत होत्या.

“बाईसाहेब,” येसू खणखणीत आवाजात म्हणाली, “या गोधड्या तुम्ही शिवल्या ना? मग सांगा, घास कुठल्या कोपऱ्यात घातला?”

“घास?” बाई फिस्सकन हसल्या. “गोधडीला कुणी खायला घालतं होय, वेडे!”

सरबत वाटणारे हात जागीच थांबले. बायांनी माना वर केल्या.

आता एकट्या आपल्या गोधडीपुरतं मागणं किती सोपं होतं! पण येसूने कोंडाकाकूंच्या सुकलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती ओरडली, “माझी इच्छा आहे! जिने जिने घास घातला, तिची तिची गोधडी तिला मिळू दे!”

झळाळ! बागभर सोनेरी ऊन सांडलं. प्रत्येक गोधडीच्या एकेका कोपऱ्यातून हिरवागार कोंब टुणकन वर आला.

“ती नाचणी! मी घातली व्हती!” कोंडाकाकू पुढे धावल्या.

“माझे तीळ! ते बघा माझे तीळ!” सगुणा रडत-हसत म्हणाली.

पोपटी-डाळिंबी गोधडीतून ज्वारीचे चार कोंब आले आणि चारही येसूकडे झुकले. बाईंच्या गोधडीतून काय आलं? काही नाही. त्यांची गोधडीच नव्हती! पाहुणे एकेक करून उठून गेले. बाईंना कुणी साधी सुईही टोचली नाही, पण त्यांना मान वर करता येईना.

परी येसूच्या खांद्यावर आली. “तुझ्या भाकरीतले चार दाणे तू गोधडीला दिलेस ना? ते कोंब अंगणात लाव. तुझं मडकं आता कधी रिकामं व्हायचं नाही.” एवढं बोलून ती गिरकी घेत उंच गेली आणि उन्हाच्या एका ठिणगीत दिसेनाशी झाली.

येसू गोधडी छातीशी धरून धावत घरी आली. ठकीने त्यात नाक खुपसलं आणि तिचे डोळे मिटायला लागले. मिटता मिटता तिने विचारलं, “ताई, गोधडी जेवली?”

“जेवली गं,” येसू म्हणाली. “आज सगळ्यांच्या गोधड्या आपापल्या घरी जेवल्या.”