भिवाची सुट्टी

“शाळेचं मला विचारतेस? अख्ख्या तालुक्यात माझ्याएवढी शाळा कुणी केली नसेल!” हैदरबाबा छाती काढून म्हणाले. मग दाढी खाजवली. “एकटी दुसरीच चार वर्षं केली.”

प्रणोतीला हसू आलं नाही. अध्यापक विद्यालयातली पहिल्या नंबरची पोर ती. उद्या अकराला गावच्या शाळेत शिकवून दाखवायचा तिचा वार्षिक पाठ होता आणि तपासायला बाहेरगावचे साहेब येणार होते. नापास झाली तर वर्ष पाण्यात. म्हणून तर गावाबाहेर तक्यावर राहणाऱ्या या म्हाताऱ्या फकिराच्या पाया पडायला आली होती.

“थट्टा नको, बाबा. माझा पाठ चांगला होईल ना?”

“तयारी?”

“चोख. टाचण तोंडपाठ. तक्ते रंगवलेत. एकतीस पोरं तयार.”

“वर्गात पोरं किती?”

“...बत्तीस.”

“मग एक मांजरानं नेलं?”

“भिवा आहे एक. त्याला समजायला वेळ लागतो. मधेच उठतो, वर्गभर फिरतो, एकच गोष्ट दहादा विचारतो. त्याच्या आईला सांगून आले, उद्या सुट्टी आहे म्हणून.”

बाबांनी हात पुढं केला. तिच्या हातातला अर्धा प्यालेला चहा काढून घेतला.

“ऊठ. त्या भिंतीमागं जाऊन बस.”

“का?”

“माझ्याकडं शहाणी माणसं यायचीत.”

प्रणोतीचे कान तापले. पण फकिराचा शब्द मोडवेना. भिंतीमागं गोवऱ्या रचल्या होत्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

जरा वेळानं पलीकडं बाबांचा आवाज चढला.

“या, या! वा, काय प्रश्न विचारलात! अहो, शिकवण्याचं सगळं गुपित त्यातच तर आहे. ऐका...”

मग कुजबुज. मग टाळी. मग खदाखदा हसणं.

तिनं भिंतीला कान लावला. एक शब्द कळेना. मी काय वाकडं केलं होतं यांचं?

शेवटी राहवेना. उठली आणि तरातरा पुढं आली.

बाबा एकटेच बसले होते. समोर त्यांची शेळी होती, आणि ती प्रणोतीचा चहा पीत होती.

“कुणीच आलं नव्हतं?”

“कुणीच नाही.”

“मग मला का उठवलंत?”

बाबांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

प्रणोतीनं वळून त्या भिंतीकडं बघितलं. मग चपला पायात सरकवल्या.

“भिवाच्या घरी जाते. सुट्टी रद्द झाली म्हणून सांगते.”

“आणि पाठ चालू असताना तो उठला तर?”

“तक्ते त्याच्याच हातात देईन. फिरायचंच आहे ना, मग सगळ्यांना दाखवत फिरेल.”

“साहेबांनी नापास केलं तर?”

“...करू देत.”

बाबा खिदळले. “साहेब म्हणजे दिसतो तरी कसा गं? मी कधी बघितला नाही. साहेब यायचा त्या दिवशी आमचे मास्तर मला पेरू आणायला धाडायचे. चारही वर्षं!”

हसता हसता त्यांना ठसका लागला.

वाटेला लागलेली प्रणोती थबकली.

“मग उद्या अकराला या, बाबा. भिवाशेजारी जागा आहे. आणि येताना पेरू आणायचे नाहीत.”