उपरण्याखालचा हात

फार मागे वेत्रपूर नगरावर अजितसेन राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व एका मीठवाल्याच्या घरी जन्मला. नाव त्याचे नंदिक. कुठल्या जन्मात तो राजा झाला, कुठल्या जन्मात हरिण; या जन्मात त्याच्या वाट्याला आली ती एक छपराची मोठी बैलगाडी.

त्या गाडीतून त्याची बायको नवी नवरी होऊन आली. त्याच गाडीतून लेक उत्पला सासरी गेली, घाटाखालच्या गावी. मग बायको वारली. बैल म्हातारे होऊन गेले. गाडी आख्ख्या घरादाराची, आणि मागे उरला एकटा नंदिक. अंगणातली गाडी दिसली की त्याला दोघांपुरता भात टाकावासा वाटे. कधी कधी तो टाकीही, आणि उरलेला कावळ्यांना घाली.

त्या वर्षी पावसाआधीचा शेवटचा तांडा घाट उतरून जाणार होता. पाऊस लागला की घाट चार महिने बंद. नंदिकाचे गुडघे गेलेले, पायी जाणे होणार नव्हते. तांड्याचा नायक भाडे घेऊन माणसे बसवून नेई. गाडी विकली तर भाडे निघणार होते, लेक भेटणार होती, न पाहिलेला नातू मांडीवर बसणार होता. नाही विकली तर घरात तो, आणि वळचणीच्या पाण्याचा आवाज.

पण गाडीत खोट होती. कणा, म्हणजे दोन्ही चाके ज्यावर फिरतात ते आडवे लाकूड, चाकाजवळ आतून तडकला होता. नवा कणा घालायचा तर बाभूळ तोडून मुरवावी लागते, तोवर तांडा कुठच्या कुठे. गाडी भरलेली असली आणि उतार लागला की तो कणा कण्हे. रिकामी असली की मुकाट चाले. आणि त्या मुलखाची रीत अशी की विकत घेण्याआधी गाडीत कोणी पाय ठेवायचा नाही की ओझे टाकायचे नाही, अपशकुन होतो. त्यामुळे बाजारात गाड्या रिकाम्याच ओढून पाहायचे. नंदिकाला हे चांगले ठाऊक होते. आदल्या दिवशी त्याने चाकाजवळच्या तड्यात काळे वंगण चोपडून भरले आणि मनाशी म्हणाला, "वंगण काय, सगळेच घालतात."

शेजाऱ्याचे बैल मागून त्याने गाडी बाजारात नेली. तिथे उत्तिय नावाचा कुंभार गिऱ्हाईक म्हणून आला. बरोबर त्याची आई, दिवस भरत आलेली बायको आणि तीन मुली. गाव सोडून निघालेले कुटुंब ते.

उत्तियाने गाडी ओढून पाहिली. कणा गप्प राहिला.

आई म्हणाली, "माझ्यापेक्षा जुनी दिसते रे."

"तुझ्यासारखी बोलत नाही, तेवढं बरं आहे," उत्तिय म्हणाला.

मग दोघे सौद्याला बसले. भाव तोंडाने बोलायचा नाही, उपरण्याखाली हात घालून बोटांनी बोलायचा, म्हणजे चारचौघांना कळत नाही. नंदिकाच्या उपरण्याखाली दोन हात भेटले. बायको गेल्यापासून त्याच्या हाताला कोणाचा हात लागला नव्हता. उत्तियाचा हात ऊबदार होता, मातीत राबून खरखरीत झालेला. बोटे भाव सांगत होती, आणि नंदिक भाव विसरून नुसता तो हात धरून बसला.

शेजारचा दलाल म्हणाला, "म्हातारबा, सौदा करताय की पाणिग्रहण?"

लोक हसले. नंदिकही हसला, पण हात सोडवेना.

तेवढ्यात धाकटी मुलगी गाडीत चढली. आजी ओरडली, "उतर खाली, टवळे. घेतली नाही अजून."

"आजी, इथं मी निजणार, आणि इथं आईचं बाळ."

नंदिकाने विचारले, "कुठवर जाणार, बाबा?"

"घाटाखाली. तांड्याबरोबर."

 उत्पलाचे दार नंदिकाच्या डोळ्यांसमोर होते, अगदी उंबरठ्यावरच्या रांगोळीसकट. मग त्याने हात बाहेर काढला, उत्तियाचा हात काही सोडला नाही, आणि त्याला तसेच गाडीखाली नेले. उपरण्यानेच वंगण पुसले. उपरणे काळे झाले.

"नख फिरव इथं. लागलं?"

उत्तियाने नख फिरवले. "लागलं."

"आता सगळे बसा गाडीत."

आजी म्हणाली, "अपशकुन होईल, दादा."

"होऊ द्या, बाई. घाटात होण्यापेक्षा इथं झालेला बरा."

सगळी बसली. बाजाराच्या उताराला गाडी लागली आणि कणा कण्हला, सगळ्या बाजाराने ऐकावा असा. आता ती गाडी तिथे कोणी घेणार नव्हते.

दलाल म्हणाला, "केसांबरोबर अक्कलही पिकून गळाली वाटतं."

 नंदिक मुलींना एकेक करून खाली उतरवीत होता.

उत्तियाने दुसरीकडून एक लहान छकडा घेतला. त्यात त्याची बायको आणि मुलीच मावल्या. म्हातारा तांड्याच्या भाड्यासाठीच गाडी विकत होता, हे त्याने बाजारात ऐकले. तो नंदिकापुढे येऊन उभा राहिला. "काका, जागा असती तर..."

"आई चालणार आहे ना तुझी? मग जागा कुठली असणार. जा, नायक थांबायचा नाही."

तो गेला, पण आई मागे राहिली. तिने विचारले, "घाटाखाली कोण आहे तुमचं?"

नंदिकाने लेकीचे नाव सांगितले, गाव सांगितले. मग गाडीच्या दांडीची पितळी घंटा सोडून तिच्या हातात दिली. "नातवाला द्या. आजोबा कुठं आहेत म्हणाला, तर सांगा, गाडी राखत बसलेत."

तांड्याच्या घंटा दूर जाईपर्यंत तो उभा होता. मग घरी परतला.

पाऊस लागला. सांजेला नंदिक अंगणातल्या गाडीत छपराखाली जाऊन बसे. म्हातारी कुंभारीण लेकीच्या गावी पोचली की नाही, त्याला कळायला मार्ग नव्हता. ती पोचली होती. तिने उत्पलाला सगळे सांगितले, कण्याचे, काळ्या उपरण्याचे. उत्पलाने ती घंटा आपल्या मुलाच्या वासराच्या गळ्यात बांधली. वासरू घरी येई तेव्हा उत्पला दारात येऊन मुलाला म्हणे, "आले तुझे आजोबा." घाटाच्या खाली रोज असे म्हटले जात होते, आणि घाटाच्या वर नंदिक ऐकू येत नसलेल्या घंटेकडे कान लावून बसत होता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, पावसाळ्यातल्या वर्षावासात एका भिक्षूला सांगितली. खरे बोलला म्हणून सोबती त्याला टाळत होते आणि तो झाडाखाली एकटाच जेवत होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाची म्हातारी कुंभारीण म्हणजे विहाराचे अंगण झाडणारी ही वृद्ध उपासिका. तेव्हाचा दलाल आज तुला हसणाऱ्यांत बसला आहे. गाडी न विकलेला नंदिक म्हणजे मीच. आणि भिक्षू, ज्याचा हात मी त्या दिवशी कण्यावर नेऊन ठेवला, तो उत्तिय तू होतास."

भिक्षूने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले.

एकटे पडावे लागले तरी न सुटणारे जे खरेपण, त्याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.