पाटलांचे पाय

बेडकांकडं पाटीलकी होती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्याचे पाटील होते डुंबाजी बेडूक. दर वैशाखात तिथं गाण्याचा जलसा व्हायचा, नि त्याच्या मांडवासाठी बेडूक काठचा लव्हाळा उपटायचे.

नांगीबाई खेकडीण सांगायची, "पाटील, लव्हाळ्याची सावली गेली, पाण्यावर ऊन वाढलं. पाणी दरसाल घटतंय."

"बाई, जलशात रडगाणं नको," पाटील म्हणायचे, नि सगळे हसायचे.

मग बाईनं बोलणं सोडलं. पाण्यातल्या उभ्या खडकावर तिनं नांगीनं पाटलांचं चित्र कोरलं. पाटील ऐटीत बसलेले, नि चित्रातले पाय तळ्याच्या खऱ्या पाण्यात बुडालेले. पाटील असे खूश झाले, की पुढच्या जलशाला सगळ्या पाहुण्यांना घेऊन तिथं गेले.

एक पाहुणा म्हणाला, "वा पाटील, हवेत बसायला कधी शिकलात?"

पाटील भडकले. "बाई, माझे पाय वर कुणी नेले?"

"चित्र जागचं हललं नाही, पाटील. पाणीच खाली गेलं."

पाटलांनी आपल्या लोंबत्या पायांकडं पाहिलं, नि लव्हाळा उपटायला निघालेल्या बेडकांना हाक मारून थांबवलं.

त्या साली मांडव घातलाच नाही. जलसा उभ्या लव्हाळ्यातच झाला. पाटील मात्र अजून कुरकुरतात, "पोट जरा मोठंच काढलंय बाईनं."