पाठमोरा तांडेल

होडीच्या टोकावर गावाकडे पाठ करून उभा आहे ना, तो तांडेल, होडीचा म्होरक्या. हाका मारू नका, तो वळायचा नाही. नारळी पुनवेनंतर पहिल्यांदा होडी निघते तेव्हा आमच्या कातळपाड्यात तांडेल असाच उभा राहतो. माणसं मागून चढतात. कोण चढलं, कोण घरी परतलं, हे होडी खाडीबाहेर पडेपर्यंत त्यानं बघायचं नसतं.

जुने लोक असे सांगतात, की इथे जोमा नावाचा तांडेल होता. त्याची मुलं जगत नव्हती. तो जाखमातेला नवस बोलला, पोर जगू दे, विसाव्या वर्षी माझं सुकाणू त्याच्या हाती देईन. पोर जगलं. नाव पोशा. पण त्याचं मन वरच्या कातळावर! गावाला गोडं पाणी खाडीपलीकडून आणावं लागे, म्हणून पोशा छिन्नी-हातोडा घेऊन एकटाच विहीर खणायचा म्हणे. गाव हसायचं. जोमा मात्र भ्यायचा. नवस मोडला तर देवी पोर परत नेईल, हीच धास्ती.

विसाव्या वर्षीची पुनव झाली. होडी निघायची त्याच सकाळी विहिरीतला दगड ओला लागला. पोशा बापाच्या पाया पडला. "बा, आजचा दिस सोड. पाणी हाताशी आलंय." जोमानं ऐकलं नाही. सगळ्यांदेखत मनगट धरून ओढत आणला आणि सुकाणूवर बसवला.

खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. तिथे लाटेवरची नजर हलली की खेळ खलास. त्यात वारा चढला. जोमा ओरडत होता, "पुढं बघ, पोशा, पुढं बघ!" पोराची नजर मागे, कातळावर. होडी आडवी झाली, लाट बसली. बाकीचे उलट्या होडीला धरून वाचले. पोशा गेला. ज्या नवसानं पोर दिलं, त्याच नवसापायी बापानं ते बुडवलं हो!

जोमानं पुन्हा सुकाणू धरलं नाही. जन्मात दगड न फोडलेल्या माणसानं पोशाची छिन्नी उचलली. तीन हात खाली पाणी लागलं, असे सांगतात. पहिला हंडा देवीवर ओतून त्यानं गावाला बजावलं, "कुणाला ओढून होडीत घालायचं नाही. तांडेलानं बघायचंसुद्धा नाही. बापाची नजरही ओढते."

मागं एक चिनी पाहुणा आला होता. म्हणाला, आमच्यात म्हणच आहे, ज्याची त्याची ओढ वेगळी, तिचा मान राखावा. मी म्हटलं, बाबा रे, म्हण सोपी असते.

आजही तांडेल पाठ करून उभा राहतो. तांडेल म्हणून बावीस वर्षं मीही असाच उभा राहिलो. एका वर्षी मागून सगळ्यांची पावलं वाजली, माझ्या लेकाची वाजली नाहीत. मान वळायला बघत होती, दात आवळून उभा राहिलो. खाडीबाहेर आल्यावर वळलो, तर त्याची जागा रिकामी. घरी येऊन एका शब्दानं विचारलं नाही. आता तो तालुक्याला शिंपी आहे. हा सदरा त्यानंच शिवलाय. काखेत जरा आवळतो, पण मी त्याला सांगत नाही.