वडाच्या संघाचे शंभर आंबे

जंगलात माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हा प्राणी टोपलीत चेंडू टाकण्याचे सामने खेळत. मोठ्या आमराईवाल्या संघांनी सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत म्हणून नियम होता की, कुठल्याही संघाने आपल्या खेळाडूंत हंगामाला शंभरच आंबे वाटायचे.

वडाच्या संघात त्यातले सत्तर म्हाताऱ्या हुप्प्या वानराला जात, कारण त्याने पूर्वी तीन करंडक जिंकून दिले होते. त्याच्या हातापर्यंत चेंडू पोचवणाऱ्या चिमी खारीला दोन मिळत.

"आजोबा, मला पाच द्या. पिल्लं उपाशी झोपतात," ती संघप्रमुख कासवाला म्हणाली.

"अगं, तुझ्या वयात आम्ही साली चोखून खेळलो! शेपटीला केस आले नाहीत तोच मागण्या?"

"तुम्ही चोखल्यात, म्हणून माझ्या पिल्लांनीही चोखायच्या का?"

चिमी मुंगसांच्या संघात गेली. तिथे सगळ्यांना सारखा वाटा होता.

अंतिम सामन्यात हुप्प्या टोपलीखाली हात पसरून उभा राहिला. चेंडू त्याच्यापर्यंत एकदाही आला नाही. मुंगसे जिंकली.

दुसऱ्या दिवशी वडाखाली ज्येष्ठांची बैठक बसली. अनुभव कमी पडल्यामुळे आपण हरलो, असे एकमताने ठरले. चिमीचे वाचलेले दोन आंबे हुप्प्याला वाढवून देण्यात आले.