काहिलीपाशी कोण उभे होते

चांदेवडे हे गाव नदीकाठचे, चहूबाजूंनी उसाने वेढलेले. त्या काळी श्री रंगोजी महाराज गावाबाहेरच्या केदारलिंगाच्या देवळात, दक्षिणेकडच्या ओवरीत राहत असत. महाराजांना ना मठ होता, ना गादी. एक घोंगडी आणि एक तांब्या, एवढाच संसार. पण पंचक्रोशीतली माणसे जड मनाने तिथे येत आणि हलकी होऊन परत जात.

भाविक हो, चांदेवड्याचा गूळ तुम्ही खाल्ला नसेल, तर तुमच्या नशिबाला काय म्हणावे! पिवळाधमक, रवाळ, ढेप फोडली तर आतून सोन्यासारखी. दूरच्या पेठेतले व्यापारी गावाचे नाव ऐकले की दुसरा प्रश्न विचारत नसत. हा लौकिक मिळवला होता रावबाच्या घराण्याने. बाप गुळव्या, आजा गुळव्या, पणजा गुळव्या. उसाचा रस काहिलीत, म्हणजे त्या भल्याथोरल्या लोखंडी कढईत, किती आटवायचा आणि नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा, हे सांगणारा तो गुळव्या. क्षणभर आधी उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. सबंध शिवाराची वर्षाची मेहनत त्या एका माणसाच्या नजरेवर!

आणि गावाची रीतही तशीच कडक होती. मार्गशीर्षात गुऱ्हाळ सुरू झाले की पहिल्या काहिलीतली पहिली ढेप केदारलिंगाची. ती वाजतगाजत देवळात जायची. ती काहील ज्याच्या हातून बिघडेल, त्याने हातातले ढवळायचे फावडे मालकाच्या पायाशी ठेवायचे आणि त्या गुऱ्हाळावर पुन्हा पाऊल टाकायचे नाही. रावबाच्या घराण्यात तीन पिढ्यांत ही वेळ आलेली नव्हती. रावबाला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

रावबा महाराजांचा भक्त. एकदा तो महाराजांना म्हणाला होता की हंगामात चार महिने काहिलीखालच्या चुलवाणापासून हलता येत नाही, जप होत नाही, पोथी होत नाही, माझे कसे व्हायचे? महाराजांनी त्याला विचारले,

"रावबा, काहील उतास आली तर तू काय करतोस?"

"एरंडेलाचं दोन थेंब सोडतो, महाराज. फेस आपोआप खाली बसतो."

"मग माणूस उतास आला तरी तेवढेच कर. आणि दारी येईल त्याला रस पाज. हाच तुझा जप."

त्या दिवसापासून रावबाने व्रत घेतल्यासारखे ते पाळले. वाटसरू दिसला की आधी त्याला तांब्याभर रस. जाळ घालणाऱ्याला सावलीत बसवून ताक. घाण्याला फिरणाऱ्या सर्जा आणि पाखऱ्या या बैलांना दर सुटीला मूठभर ऊन काकवी आणि मानेवरून हात. कुणी आरडाओरडा केला, तरी याचा आवाज चढत नसे. लोक दमले की मुद्दाम त्याच्याजवळ येऊन बसत.

गुऱ्हाळाचे मालक खंडेराव इनामदार यांना मात्र हे बघवत नसे. इनामदार म्हणजे जरीचा फेटा, पिळदार मिशा आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. माणूस वाईट नव्हता हो. पण आपण ओरडलो नाही तर सूर्यसुद्धा उगवायचा नाही, अशी त्यांची पक्की समजूत. ते रावबाला चारचौघांत 'थंडोबा' म्हणत. "पाहुणचारच करायचा असला तर धर्मशाळा काढ, माझं गुऱ्हाळ कशाला अडवतोस?" असे म्हणून हसत आणि भोवतालचे चार लोक मालक हसले म्हणून हसत. महाराजांबद्दलही त्यांचे मत ठरलेले होते: ओवरीत बसून फुकटचा उपदेश करायला काय लागते! त्या साली तर त्यांनी पैजेवर सांगून टाकले होते की यंदा पहिल्या काहिलीत जरा जरी खोट निघाली, तर पलीकडच्या गावचा गुळव्या आणायचा.

रावबाच्या कानावर ते आले. तो रात्री जेवला नाही एवढेच. सकाळी उठून त्याने फावड्याला हळदकुंकू लावले, दुरूनच देवळाच्या कळसाला हात जोडले आणि तो चुलवाणावर चढला.

दिवस वर आला. हलगी, सनई घेऊन वाजंत्री येऊन बसले. सगळे गाव जमले. काहील रंगात आली होती. रावबाने फावड्याच्या टोकावरचा थेंब गार पाण्यात सोडला आणि बोटांनी चाचपला. गोळी बांधत आली होती. आणखी दोन उकळ्या, की उतरवायची. आता नजर हलवायची नाही.

नेमक्या त्या वेळेला इनामदार मानाचे ऊस घालायला घाण्याकडे गेले. पहिल्या दिवशी मालकाने पाच ऊस स्वहस्ते घाण्यात घालावेत, अशी चाल. खांद्यावर देवस्थानचा मानाचा शेला. गड्याने सांगितले, "मालक, शेला काढून ठेवा." इनामदारांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो बिचारा दोन पावले मागेच सरला. तिसरा ऊस घालताना शेल्याचे टोक उसाबरोबर लाटांच्या, म्हणजे ऊस चिरडणाऱ्या फिरत्या रुळांच्या, दातांत गेले, त्याच्यामागोमाग हात ओढला गेला आणि बोटे आत सापडली.

इनामदारांनी जी किंकाळी फोडली, तिने बैल बुजले. गडी धावले, तेही ओरडत. जाळ घालणारा चुलवाण सोडून पळाला, तोही ओरडत. एकाने बैलांपुढे काठी नाचवली, दुसऱ्याने कासरा हिसकला. जेवढा आरडाओरडा वाढला तेवढे बैल पुढे ताणू लागले, आणि जेवढे बैल पुढे गेले तेवढा हात आत. घाण्याला जुंपलेला बैल जन्मभर पुढेच चाललेला असतो. मागे सरणे त्याला कुणी शिवीगाळ करून शिकवू शकत नाही.

रावबाने एकदा काहिलीकडे पाहिले. दोन उकळ्या! तीन पिढ्यांचे नाव त्या फेसाखाली शिजत होते. चुलवाणातला जाळ बाहेर ओढायला माणूस जागेवर नव्हता. हाक मारावी तर त्या कल्लोळात ऐकणार कोण? पण हात आधीच फावडे ठेवून मोकळा झाला होता.

तो पळाला नाही. पळणारा माणूस पाहून बैल आणखी बिथरतात, हे त्याला ठाऊक होते. तो भराभर चालत गेला, काठीवाल्याच्या हातातून काठी काढून घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "गप ऱ्हावा सगळी. मालक, तुमीबी. माज्याकडं बघा."

काय असेल त्या आवाजात कोण जाणे, गाव गप्प झाले. इनामदारही गप्प झाले. रावबाने सर्जाच्या कपाळाला तळहात लावला, पाखऱ्याच्या मानेखाली दुसरा हात सारला आणि रोज बोलायचा तसा बोलू लागला. "काय न्हाई रं राजा. कुनी मारत न्हाई. सर मागं. एक पाऊल." बैलांच्या नाकपुड्या थरथरल्या. मग सर्जाने मागचा पाय उचलला आणि मागे ठेवला. गड्यांनी श्वास रोखून घाण्याचे लाकूड मागे ढकलायला हात लावला. आणखी एक पाऊल. आणखी एक. चौथ्या पावलाला हात सुटला.

दोन बोटे चेचली होती, पण हात वाचला होता. रावबाने आपला पटका फाडला, ओला केला आणि जखम बांधली. बांधताना तो इनामदारांशी बोलतच होता, बैलांशी बोलला होता त्याच आवाजात. हे सगळे व्हायला चिलीम ओढून संपेल एवढा वेळ तरी गेला असेल. एवढ्या वेळात काहिलीत राखच उरायची.

माणसाचा गर्व फार चिवट असतो बघा! सगळ्या गावासमोर आपण किंचाळलो, ही गोष्ट इनामदारांना बोटांपेक्षा जास्त ठणकत होती. जरा धीर येताच ते म्हणाले, "काहील सोडायला तुला कुणी सांगितलं होतं? रीत ती रीत. ठेव फावडं."

लोकांनी माना खाली घातल्या. रावबा फावडे आणायला चुलवाणावर चढला आणि तिथेच थबकला.

करपल्याचा वास नव्हता! चुलवाणातला जाळ ओढून बाजूला केलेला होता. काहिलीत गूळ मंद हेलकावत होता, हळदीच्या रंगाचा, कडेला एक काळा ठिपका नाही. रावबाने थेंब पाण्यात सोडला. गोळी अशी बांधली, की त्याच्या बापानेही मान डोलावली असती. त्याने माणसे बोलावली, काहील उतरवली. जाळ कुणी ओढला, हे मात्र कुणालाच सांगता येईना. गावातला प्रत्येक माणूस घाण्यापाशी होता.

"दैव एकेकाचं," इनामदार पुटपुटले. पण रीतीप्रमाणे ढेपेबरोबर देवळात जाणे त्यांना भाग होते.

मिरवणूक देवळात पोचली. ओवरीत महाराज बसले होते आणि देवळाची झाडलोट करणाऱ्या अक्काताई त्यांच्या तळहातांना लोणी लावत होत्या. म्हातारीचे डोळे लाल झाले होते. ती सांगू लागली की महाराज मघाशी बोलता बोलता एकदम उठले, रिकाम्या हातांनी काहीतरी ढवळल्यासारखे करू लागले. अंगातून घामाच्या धारा. मग खाली बसले, चुलीतून लाकडे ओढावीत तसे दोन्ही हातांनी काही ओढले आणि म्हणाले, अक्का, लोणी आण.

महाराजांचे तळहात फोडांनी भरले होते. मनगटावर गुळाचा पिवळा थेंब वाळला होता.

रावबाने ते पाहिले मात्र, सकाळपासून न डगमगलेला तो माणूस लहान मुलासारखा रडू लागला. "काहील जळली असती तर जळू द्यायची हुती, महाराज. माज्यापायी तुमी हात का भाजून घेतलं?"

महाराज हसले. म्हणाले, "अरे, तू दुसऱ्याच्या हातापाशी उभा राहिलास. मग तुझ्या काहिलीपाशी कुणी उभे राहायला नको? दोन्हीकडे तू एकटा कसा पुरणार?"

इनामदार उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी आपल्या हाताचा पटका पाहिला, मग महाराजांचे हात पाहिले. आपल्या शेल्याच्या हट्टापायी कोण कोण भाजले, हे त्यांना एकदम कळले. जरीचा फेटा काढून ते महाराजांच्या पायांकडे वाकले, तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

"खंडेराव, इथे नको. मी नुसता गूळ ढवळला. अवघड काम त्याने केले."

सगळ्या गावाचे डोळे लागले होते. इनामदार वळले. ज्याला वर्षानुवर्षे थंडोबा म्हटले, त्याच्या चुलवाणाच्या राखेने माखलेल्या पायांवर त्यांनी उघडे डोके ठेवले.

रावबा गडबडला. त्याने खाली वाकून आधी तो बांधलेला हात अलगद उचलून धरला.

"उठा मालक," तो म्हणाला, "हातावर भार द्येऊ नगा. रगत पुन्यांदा सुरू हुईल."